शिवारातील टचस्क्रीन : नोंदीच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना आलेला अनुभव



एरवी या पानावर मी बेणेप्रक्रिया, खोडव्याची पाचट, पाण्याच्या पाळ्या असे लिहीत असतो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. ऊस नोंदीसाठी आपल्या गट ऑफिसचा चिटबॉय बांधावर येतो तेव्हा त्याच्या हातात जाडजूड, कोपऱ्यांना रबर लावलेला, पाटीसारखा दिसणारा लॅपटॉप असतो, तो आपण पाहिलाच असेल. त्याचा पडदा बोटाने दाबून नोंद होते. त्या पडद्यावर बोट कोठे पडले आणि यंत्राला ते कोठे पडले असे वाटले, या दोन जागांत फरक राहिला तर आपल्या उसाची तोडणीची पाळी बदलते. हे मी तर्काने लिहीत नाही, आपल्याच कार्यक्षेत्रात हे घडले आणि त्यात चूक आमच्या शेतकी विभागाची, त्यातही माझी होती.

आडसाली नोंदीचे दिवस होते. सप्टेंबरात एक वयस्क सभासद, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, नोंदीची चिठ्ठी घेऊन ऑफिसात आले. "साहेब, माझी लागण जुलैची. तुमच्या कागदात ती पूर्वहंगामी कशी काय झाली?" मी चिठ्ठी पाहिली. तारीख जुलैची बरोबर, गट नंबर बरोबर, क्षेत्र बरोबर, जात को ८६०३२ बरोबर, आणि लागणीचा प्रकार मात्र पूर्वहंगामी. आता जुलैमध्ये पूर्वहंगामी लागण होऊच शकत नाही, हे शाळेतले पोरही सांगेल. पण तोडणी कार्यक्रमाची यादी निघताना आधी प्रकार पाहिला जातो आणि मग त्या प्रकारात तारीख. म्हणजे तात्यांचा ऊस आडसालीच्या यादीत नसताच. आडसाली संपून पूर्वहंगामी सुरू होईपर्यंत तो उभा राहिला असता, त्याला तुरा आला असता, आत पोकळ पडला असता आणि वजन घटले असते. शोध घेतला तेव्हा त्याच शिवारातील अशा तीन नोंदी सापडल्या. तिन्ही एकाच लॅपटॉपवर केलेल्या.

चिटबॉयला बोलावून विचारले. पोरगा प्रामाणिक आहे. म्हणाला, "साहेब, ते मशीन खालच्या बाजूला जरा हट्टी आहे. आडसाली दाबलं की कधी कधी वरचं उमटतं. मी परत दाबून नीट करतो. उन्हात दिसलं नसेल ते राहिलं असेल." त्याने ते आम्हाला कधी सांगितले नव्हते आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. आमच्या फॉर्ममध्ये प्रकारांची यादी पडद्याच्या तळाशी येते : खोडवा, सुरू, पूर्वहंगामी आणि सर्वांत खाली आडसाली. तळाच्या ओळीवर दाबले की यंत्राला ते एक ओळ वर वाटत होते. ते तसे का वाटत होते, हा आजच्या लेखाचा विषय. घरोघरी आता कॉम्प्युटर शिकलेली मुले-मुली आहेत, त्यांनी हा लेख हातात यंत्र असल्यासारखा वाचावा. बाकीच्यांनी निदान शेवटचा चिठ्ठीचा भाग तरी जरूर वाचावा.

लिनक्स कशासाठी?

हा लॅपटॉप आम्ही जुना घेतला. कोणाकडून आणि कोणत्या कंपनीचा, ते सांगण्याचे कारण नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. अशी कणखर यंत्रे नवी घ्यायची म्हटली तर साध्या लॅपटॉपच्या कितीतरी पट पैसे पडतात. सभासदांच्या पैशातून ते करणे बरे दिसले नाही. जुन्या यंत्राचा लोखंडी भाग दहा-पंधरा वर्षे टिकतो, आधी संपते ती आतली विंडोज. विंडोज ७ ची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली, विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे बंद होते. सभासदांचे गट नंबर आणि बँक खाती ज्यात आहेत असे यंत्र त्या स्थितीत वापरणे योग्य नाही.

म्हणून लिनक्स. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लायनस टोरव्हाल्ड्स याने १९९१ साली त्याची सुरुवात केली. त्याची मूळ संहिता सर्वांना खुली असते. ज्याला दुरुस्ती सुचते तो ती करून पाठवतो, ती पटली तर मूळ संहितेत जाते आणि मग सगळ्यांच्या उपयोगी पडते. सहकारात वाढलेल्या माणसाला ही रीत परकी वाटू नये. परवान्याचे पैसे नाहीत. मात्र विंडोजमध्ये विक्रेत्याने जे सगळे जुळवून दिलेले असते ते येथे काही वेळा आपल्या हाताने जुळवावे लागते. टचस्क्रीन हे त्यातले ठळक उदाहरण.

पडद्याला बोट कसे कळते?

मोबाईलचा पडदा आणि या यंत्रांतील जुन्या पद्धतीचा पडदा यांची जात वेगळी आहे. मोबाईलला आपल्या कातडीतून होणारा विद्युतभारातील बदल कळतो, म्हणून साधा हातमोजा घातला किंवा पडद्यावर पाणी पडले की तो गोंधळतो. कणखर लॅपटॉपात पुष्कळ वर्षे वापरला गेलेला पडदा दाबावर चालतो. त्यात खाली काच आणि वर लवचिक प्लास्टिकचा पापुद्रा असतो. दोहोंच्या समोरासमोरच्या अंगांवर वीज वाहून नेणारा पारदर्शक मुलामा असतो, तो बहुधा इंडियम टिन ऑक्साइडचा. मध्ये डोळ्यांना न दिसणारे बारीक ठिपके असतात, त्यामुळे दोन्ही थर एरवी एकमेकांना लागत नाहीत. आपण दाबले की तेवढ्या जागी वरचा थर खालच्याला टेकतो.

आता एका थराच्या डाव्या कडेला शून्य व्होल्ट आणि उजव्या कडेला समजा पाच व्होल्ट दिले. मधोमध टेकले तर अडीच व्होल्ट मिळतील, पाव अंतरावर टेकले तर सव्वा. जुन्या रेडिओचे आवाजाचे बटन फिरवताना आत हेच होते. मग हेच वर-खाली मोजले जाते. व्होल्टचे आकडे होतात आणि ते आकडे यंत्राकडे जातात. ओला हात, मातीचा हात, हातमोजा, लाकडी काडी, काहीही चालते, दाब पडला म्हणजे झाले. पावसाळ्यातील नोंदीला म्हणूनच हा पडदा सोयीचा. अशा पडद्याला साधारणतः एका वेळी एकच बोट कळते, दोन बोटांनी नकाशा मोठा करण्याची सवय येथे सोडावी लागते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. पडदा फक्त व्होल्टचा आकडा सांगतो. चित्रातील कोणती ओळ दाबली गेली हे त्याला माहीत नसते. वरचा पापुद्रा आणि खालचे चित्र या दोन स्वतंत्र वस्तू एकावर एक ठेवलेल्या आहेत. पापुद्र्याच्या अगदी कडेला तारांच्या पट्ट्या असतात, म्हणून चित्राची कड आणि आकड्याची कड एक नसते. मोजणीचा नकाशा आणि प्रत्यक्ष बांध यांत जसा खुणेचा दगड जुळवून घ्यावा लागतो, तसे येथे जुळवावे लागते. त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

पडदा कोणत्या दाराने बोलतो?

लिनक्स बसवले आणि पडदा दाबला, तर काही झाले नाही. बाण हललाही नाही. पहिल्या दिवशी आम्ही समजलो की पडदा गेला. तसे लगेच समजू नये. आधी पडदा यंत्राला कोणत्या दाराने जोडला आहे ते शोधावे. तीन शक्यता जुन्या कणखर यंत्रांत नेहमी भेटतात : यूएसबी, कीबोर्ड-माऊसचे जुने पीएस-टू दार आणि जुने सिरियल पोर्ट.

(खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. यंत्रात त्या रोमन लिपीच्या छोट्या अक्षरांत द्याव्यात. जोडरेघा केवळ वाचण्याच्या सोयीसाठी घातल्या आहेत, त्या टाइप करू नयेत.)

यूएसबीवरचा पाहुणा दारात येताच आपले नाव सांगतो. 'एल-एस-यू-एस-बी' ही आज्ञा दिली की जोडलेल्या सर्व वस्तूंची यादी येते. त्यात टच पॅनेल असे काही दिसले तर निम्मे काम झाले, बहुतेक वेळा लिनक्स त्याला आपोआप ओळखतो.

पीएस-टू प्रकारचे चांगले उदाहरण पॅनासॉनिकच्या टफबुक घराण्यात आहे. फुजित्सुच्या लाइफबुक बी जातीच्या लॅपटॉपांतील पडद्यासाठी लिहिलेला भाग लिनक्सच्या गाभ्यात, माऊसच्या ड्रायव्हरमध्येच, घातलेला आहे. त्यातील यादीत टफबुकची सीएफ-१८, सीएफ-२८, सीएफ-२९ आणि सीएफ-७२ ही मॉडेले नावानिशी आहेत. अशा यंत्रावर गाभा यंत्राचे नाव वाचतो आणि लाइफबुकचा भाग स्वतःच सुरू करतो. पण एक खोच आहे. टचपॅड नीट चालावे म्हणून काही जण यंत्र सुरू करताना 'नोमक्स' नावाचा पर्याय देतात. तो दिला की माऊसची वेगवेगळी दारे एकच होतात आणि पडद्याचे दार गाभ्याला वेगळे दिसत नाही. एक दुरुस्त करताना दुसरे मोडते ते असे.

आमचे यंत्र तिसऱ्या प्रकारचे निघाले. सिरियल पोर्टवर बसलेला पडदा नाव सांगत नाही, हाक मारत नाही. आपण दार उघडून "कोण आहे" म्हणेपर्यंत तो गप्प बसतो. 'एल-एस-यू-एस-बी' मध्ये तो कधीच दिसणार नाही, आणि आमचे दोन दिवस तेथेच शोधण्यात गेले. 'डी-मेसेज' या आज्ञेने गाभ्याची सुरुवातीची रोजनिशी वाचली तेव्हा त्यात 'टी-टी-वाय-एस-शून्य' आणि 'टी-टी-वाय-एस-एक' अशी दोन सिरियल पोर्ट दिसली. (यातला एस मात्र मोठा टाइप करावा, ही चूक हमखास होते.) यंत्राच्या मागे बाहेर दिसणारे सिरियल पोर्ट एकच होते. मग दुसरे कोठे आहे? ते आतल्या आत पडद्याला गेलेले.

खात्री अशी केली. दुसऱ्या पोर्टचा वेग सेकंदाला ९६०० बिटांवर ठेवला आणि त्यातून येणारा मजकूर तसाच पडद्यावर काढला. बोट लावले नाही तर शांत. बोट दाबले की अगम्य अक्षरांचा लोंढा. बोट उचलले की बंद. अक्षरे वाचता येत नसली तरी चालते, बोटाबरोबर ती येतात आणि बोटाबरोबर थांबतात एवढे पुरे. पडदा जिवंत होता, त्याचे बोलणे कोणी ऐकत नव्हते.

ते ऐकण्यासाठी 'इनपुट-अटॅच' नावाचे छोटे साधन आहे. डेबियन किंवा उबुंटूवर ते त्याच नावाने बसवता येते. त्याचे काम एवढेच : अमुक पोर्टवर अमुक प्रकारचे उपकरण आहे असे गाभ्याला सांगणे. आज्ञा अशी : इनपुट-अटॅच, मोकळी जागा, दोन आडव्या रेघा लागून फुजित्सु, मोकळी जागा आणि पोर्टचा पूर्ण पत्ता. ती मुख्य अधिकाराने, म्हणजे आधी 'सुडो' लावून द्यावी लागते. प्रकार चुकला तर साधन तक्रार करीलच असे नाही, पण बाण वेडावाकडा उडतो. फुजित्सु हा प्रकार दिला आणि आमच्या यंत्रात बाण प्रथमच हलला. वेळ रात्री साडेनऊची. वॉचमन आत येऊन बघून गेला, एवढा आरडाओरडा झाला.

आकडे मोजणे

बाण हलला, पण उलटा. बोट वर नेले की तो खाली जाई. आणि येथेच माझी चूक झाली. वर-खाली पालटण्याचे दोन आकडे, उणे एक आणि एक, घातले, पडद्याच्या मधोमध बोट ठेवले, बाण बरोबर बोटाखाली आला आणि मी म्हटले झाले काम. मधोमध ते बरोबर येणारच होते! थोडे ताणलेले रबर मध्यावर जागचे हलत नाही, ते कडेला हलते. मी कडा पाहिल्याच नाहीत.

तात्यांच्या चिठ्ठीनंतर नीट मोजले. त्यासाठी 'ई-व्ही-टेस्ट' हे साधन. ते उपकरणांची यादी दाखवते. त्यात 'फुजित्सु सिरियल टचस्क्रीन' निवडले की प्रत्येक दाबाचा कच्चा आकडा समोर येतो. आमच्या यंत्रात ड्रायव्हरने दोन्ही दिशांना ० ते ४०९६ असे माप जाहीर केले होते. पण प्रत्यक्षात चित्राच्या डाव्या कडेला दाबले की २०५ येई आणि उजव्या कडेला ३८९१. वरच्या कडेला ३७६८ आणि खालच्या कडेला ३२८. म्हणजे आडव्या दिशेला दोन्ही बाजूंना थोडे कमी आणि उभ्या दिशेला उलटे शिवाय दोन्ही बाजूंना जास्तच कमी.

आता हिशोब. कच्च्या आकड्याला ४०९६ ने भागा, म्हणजे सगळे शून्य ते एक यांच्यात येते. डावी कड ०.०५, उजवी ०.९५. वरची ०.९२, खालची ०.०८. आपल्याला हवे आहे ते डावी कड ० आणि उजवी १, वरची ० आणि खालची १.

आडवी दिशा : मधले अंतर ०.९५ वजा ०.०५, म्हणजे ०.९०. एकाला ०.९० ने भागले की १.१११ मिळते, हा गुणक. डावीकडचे ०.०५ गुणिले १.१११ म्हणजे ०.०५६, हे वजा करायचे. उभी दिशा : अंतर ०.८४. एक भागिले ०.८४ म्हणजे १.१९०, आणि दिशा उलटी म्हणून उणे १.१९०. वरच्या कडेचे ०.९२ गुणिले १.१९० म्हणजे १.०९५, हे मिळवायचे. ताळा करून पाहा. खालच्या कडेला ०.०८ गुणिले उणे १.१९० म्हणजे उणे ०.०९५, त्यात १.०९५ मिळवले की बरोबर १.

हे आकडे यंत्राला सहाच्या ओळीत द्यावे लागतात : १.१११, ०, उणे ०.०५६, ०, उणे १.१९०, १.०९५. पहिले तीन आडव्या दिशेचे, पुढचे तीन उभ्या दिशेचे. काही ठिकाणी नऊ मागतात, तेथे शेवटी ०, ०, १ जोडावे. आकड्यांमध्ये मोकळी जागा ठेवावी, स्वल्पविराम नको.

आता माझ्या अर्धवट दुरुस्तीने किती फरक राहिला होता तो बघा. खालच्या कडेला बोट असताना यंत्राला ते ०.९२ वर वाटत होते. आमच्या पडद्यावर उभे ७६८ ठिपके आहेत. त्याचे ८ टक्के म्हणजे ६१ ठिपके. फॉर्ममधील एका ओळीची उंची ४८ ठिपके. म्हणजे अगदी तळाची ओळ दाबली की सरळ वरची ओळ उमटणार. आडसाली दाबले की पूर्वहंगामी! त्या पोराने "हट्टी" म्हटले ते या ६१ ठिपक्यांना. बहुतेक वेळा त्याने पुन्हा दाबून, बोट कडेच्या रबरावर टेकवून दुरुस्त केले, ही त्याची हुशारी. आमचे मात्र काम राहिले होते.

बाजारात मिळणारे, म्हणजे फुकटच मिळणारे, 'एक्स-इनपुट-कॅलिब्रेटर' नावाचे साधनही आहे. ते पडद्यावर चार खुणा दाखवते, त्या दाबल्या की आकडे काढून देते. चांगले आहे, पण त्याच्या जुन्या आवृत्त्या ज्या पद्धतीचे आकडे देतात ते हल्लीचा 'लिब-इनपुट' हा थर वाचत नाही. मग सगळे करूनही फरक पडत नाही आणि माणूस चक्रावतो. हाताने मोजलेले मला बरे वाटले. वहीत लिहून ठेवता येते आणि पुढच्या वर्षी पडदा झिजून सरकला का तेही कळते.

पक्के कसे करावे

वरील सगळे यंत्र बंद केले की पुसले जाते. दोन गोष्टी कायम करावयाच्या असतात. एक, 'इनपुट-अटॅच' यंत्र सुरू होताना आपोआप चालू व्हावे. त्यासाठी 'सिस्टिम-डी' मध्ये छोटी सेवा लिहून ठेवतात. दुसरे, सहा आकडे उपकरणाला आपोआप लागावेत. त्यासाठी 'यु-डेव्ह' च्या नियमांच्या फोल्डरमध्ये एका ओळीची फाइल ठेवतात : या नावाचे उपकरण दिसले की 'लिब-इनपुट कॅलिब्रेशन मॅट्रिक्स' या गुणधर्मात हे सहा आकडे भर. गुणधर्माचे नाव सगळे मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये खालची रेघ. 'एक्स-इनपुट' या आज्ञेनेही आकडे लावता येतात, पण ते फक्त जुन्या एक्स पद्धतीच्या डेस्कटॉपवर आणि तेही चालू सत्रापुरते. हल्ली पुष्कळ लिनक्समध्ये वेलँड ही नवी पद्धत असते, तिथे यु-डेव्हचा नियमच धरावा. तो दोहोंकडे चालतो.

फिरत्या पडद्याच्या यंत्रात आणखी एक गोम. पडदा वळवून पाटीसारखा दुमडला आणि चित्र उलटे केले की चित्र फिरते, पण टचचे आकडे आपोआप फिरतीलच असे नाही. डावीकडे दाबले की उजवीकडे उमटते. एक्स पद्धतीत यासाठी दुसरा, स्वतंत्र आकड्यांचा संच असतो. चित्र पूर्ण उलटे असेल तर त्यात उणे १, ०, १, ०, उणे १, १, ०, ०, १ असे नऊ आकडे भरतात. कॅलिब्रेशनचे सहा आकडे आणि फिरवण्याचे नऊ आकडे एकमेकांत मिसळू नका. पहिले पडद्याच्या बांधणीचे आहेत, ते बदलत नाहीत. दुसरे आपण यंत्र कसे धरले त्यावर आहेत.

झाकण लावून यंत्र झोपवले आणि बांधावर पुन्हा उघडले की आमच्या यंत्रात कधी कधी पडदा मुका होत असे. सिरियल पोर्टची वीज मध्ये जाते, 'इनपुट-अटॅच' ला पत्ता लागत नाही. उठल्यानंतर ती सेवा पुन्हा सुरू करण्याची ओळ घातली आणि त्रास गेला. तोवर चिटबॉय यंत्र बंद करून चालू करीत, त्यात बॅटरी आणि वेळ दोन्ही जात.

आकडे जुळवूनही बाण आपोआप उड्या मारू लागला तर दोष आज्ञांत शोधू नये. पडद्याची चौकट आणि पापुद्रा यांच्या सांध्यात माती, पाचटाचा कण किंवा गुळाचा चिकटा बसलेला असतो आणि तोच पडदा सतत दाबत राहतो. आय.पी. ६५ असा शिक्का असलेल्या यंत्रात, म्हणजे पूर्ण धूळबंद आणि पाण्याचा फवारा सोसणाऱ्या यंत्रात, आत काही जात नाही हे खरे, पण बाहेरच्या सांध्यात बसायला त्याची हरकत नसते. मऊ ओल्या फडक्याने, यंत्र बंद करून पुसावे. पेट्रोल, थिनर लावू नये. आणि बॉलपेनच्या टोकाने दाबू नये. वरचा पापुद्रा प्लास्टिकचा आहे, त्यावर चर पडला की तेथला मुलामा तुटतो आणि तेवढा पट्टा कायमचा बहिरा होतो. एका गटातील यंत्राचा "जतन करा" या बटनाखालचा भाग असाच गेला, कारण रोज शंभरदा तेथेच पेन टोचलेले.

सभासदांनी चिठ्ठीवर काय पाहावे

फॉर्ममध्ये आता दोन बदल केले आहेत. तारीख आणि लागणीचा प्रकार जुळत नसेल तर नोंद पुढे जात नाही. आणि प्रकाराची यादी तळावरून उचलून पडद्याच्या मध्यावर आणली आहे, ओळींची उंचीही वाढवली आहे. तरीसुद्धा चिठ्ठी हातात पडताच, चिटबॉय बांधावर उभा असतानाच, पाच गोष्टी वाचाव्यात : गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख आणि प्रकार. क्षेत्र चिठ्ठीत आरमध्ये असते. एक गुंठा म्हणजे एक आरपेक्षा किंचित जास्त, आणि ४० गुंठ्यांचा एकर म्हणजे ४०.४७ आर, हे धरून ताडून पाहावे. उसाची जात यादीतून निवडली जाते, म्हणून को ८६०३२ च्या जागी फुले २६५ पडणे शक्य आहे. दोन्ही नावे एकमेकांखाली येतात. वाचता येत नसेल तर मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला वाचून दाखवायला सांगावे, त्यात संकोच नको. चिटबॉयला घाई असली तरी त्याला थांबवावे. तशी सूचना त्यांना लेखी दिलेली आहे.

तात्यांच्या आणि इतर दोघांच्या नोंदी त्याच आठवड्यात दुरुस्त करून त्यांना नव्या चिठ्ठ्या घरपोच दिल्या. त्या यंत्रावर त्या हंगामात झालेली प्रत्येक नोंद तारखेशी ताडून पाहिली आहे.

आता प्रत्येक गट ऑफिसात सकाळी यंत्र बाहेर नेण्याआधी पडद्याचे चारही कोपरे आणि मध्य अशा पाच जागा दाबून पाहतात. बाण बोटाखाली आला नाही तर त्या दिवशी ते यंत्र शिवारात जात नाही, नोंद कागदी वहीत होते. पाच जागांचे कच्चे आकडे लिहिण्याची वही यंत्राच्या पिशवीतच ठेवली आहे. ज्या सभासदांच्या घरी लिनक्सची माहिती असलेली मुले आहेत त्यांनी गट ऑफिसात येऊन ती वही आणि यु-डेव्हची ओळ उतरून घ्यावी. अजून दोन यंत्रे बसवायची आहेत, त्यातील एकाचा पडदा यूएसबीवर आहे, आणि आडव्या दिशेलाही उलटा आहे.